लग्नासाठी यॉर्कला जाताय? एक दिवस जास्तीचा ठेवा!

मामेबहिणीच्या लग्नासाठी इंग्लंडमधल्या यॉर्कला आलोय. हळद आणि रिसेप्शनच्या मधल्या मोकळ्या दिवशी शहर पायी पालथं घातलं. इतिहासप्रेमींनो, हे चुकवू नका!

📍 तटबंदी: सुमारे ३.४ किमी. वरून चालता येतं, तेही फुकट. अंधार पडायच्या आत उतरा, दरवाजे बंद होतात.

📍 यॉर्क मिन्स्टर (इथलं कॅथेड्रल): पूर्वेची रंगीत काचेची प्रचंड खिडकी जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ मध्ये घडवली. बाहेर कॉन्स्टंटाइनचा पुतळा आहे, इ.स. ३०६ मध्ये रोमन सैन्याने त्याला याच शहरात सम्राट घोषित केलं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून वेळ बघून जा.

📍 शॅम्बल्स: जुनी खाटीकआळी. मांस टांगायचे लोखंडी आकडे आणि खिडक्यांखालच्या रुंद फळ्या अजून जागेवर आहेत. मान वर करून लाकडी मजले नक्की बघा!