ज्यांनी सांगितलं, त्यांनाच दाखवलं

रोवणी आटोपली, कंबर जरा मोकळी झाली, म्हणून आज थोडं सिनेमाबद्दल बोलू. सिनेमा म्हटलं की गाणी आणि मारामारी डोळ्यांपुढं येते. आज मात्र आपल्याला एका अशा बाईंची ओळख करून घ्यायची आहे, ज्यांनी आपल्यासारख्या बायांचं बोलणं ऐकून सिनेमे काढले. त्यांचं नाव सुमित्रा भावे.

त्या भंडाऱ्याच्या नव्हत्या, पुण्याच्या होत्या. पण त्यांच्या कामाची सुरुवात ज्या प्रश्नापासून झाली, तो आपल्या ओळखीचा आहे. आपल्या गावात वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी फॉर्म घेऊन येतं. घरात माणसं किती, शेती किती, पाणी कुठून आणता, नवरा पितो का, असं सगळं विचारतं. आपण हातातलं काम बाजूला ठेवून उत्तरं देतो. ते लिहून घेतात, सही नाहीतर अंगठा घेतात आणि जातात. पुढं त्या कागदांचं काय झालं, त्यातून काय निघालं, हे सांगायला कुणी फिरून येत नाही. आमच्या गटातल्या एका वयस्क काकू म्हणतात, "आपलं दुःख मोजून नेतात, पण माप किती भरलं ते सांगत नाहीत."

सुमित्राताईंना हीच गोष्ट खटकली होती, आणि त्या तर संशोधन करणाऱ्यांपैकीच एक होत्या.

त्यांचा जन्म 12 जानेवारी 1943 चा. राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र शिकल्या, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून ग्रामीण विकासाचं शिक्षण घेतलं, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत दहा वर्षं शिकवलं. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून त्यांनी मराठी बातम्याही वाचल्या होत्या. म्हणजे रेडिओवाली बाई! आम्हाला त्यांचं कौतुक वाटायला तेवढं कारणही पुरलं असतं.

पुढं त्या पुण्यात 'स्त्रीवाणी' नावाच्या संशोधन प्रकल्पात काम करू लागल्या. गरीब वस्तीतल्या बाया स्वतःकडे कशा बघतात, हे समजून घ्यायचं होतं. बाया बोलल्या. लग्न, मार, दारू, मुलं, काम, सगळं बोलल्या. आता अहवाल लिहायचा. पण तो वाचणार कोण? जिनं स्वतःचं आयुष्य उलगडून सांगितलं तिला तर वाचता येत नाही. तिचंच बोलणं जाड पुस्तकात बंद होणार आणि शिकलेली माणसं ते वाचणार. तेव्हा सुमित्राताईंनी ठरवलं, हे पडद्यावर आणायचं. बघायला अक्षरओळख लागत नाही.

त्यांनी सिनेमाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. वय चाळिशीच्या पुढं गेलेलं. त्या वयात बाईनं सायकल शिकायला घेतली तरी लोक हसतात, या तर कॅमेऱ्यामागं उभ्या राहिल्या. 1985 साली 'बाई' हा लघुपट झाला. वस्तीत राहणारी, नवऱ्याची दारू आणि मार सोसणारी, आणि त्यातूनच आपल्या पायावर उभी राहणारी एक बाई त्यात आहे. या पहिल्याच प्रयत्नाला कुटुंब कल्याण या विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1987 मध्ये 'पाणी' हा दुसरा लघुपट आला. त्यात गावातल्या बाया पाण्यासाठी एकत्र येतात. डोक्यावरचा हंडा किती जड असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

'बाई'च्या वेळी सुनील सुकथनकर नावाचा एक तरुण त्यांच्या मदतीला आला. तो पुढं फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकला आणि मग जवळपास सगळे चित्रपट या दोघांनी मिळून केले. दिग्दर्शक म्हणून दोघांचं नाव लागलं. वयानं मोठी, अनुभवी बाई आणि तिच्या जोडीला तरुण मुलगा, हे इतकी वर्षं नीट चालू शकतं याचाही आम्हाला विशेष वाटला.

बाईनं दिग्दर्शक होणं म्हणजे काय, हे कळायला थोडं मागं जाऊ. आपल्या झाडीपट्टीच्या दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेत आले. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामती झाली ती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं. त्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, म्हणजे बाईची भूमिका बाईच्या वाट्याला आली. पण गोष्ट कोणती सांगायची आणि कशी दाखवायची, हे ठरवणारी बाई त्यानंतरही फार क्वचित दिसली. शेजारच्या कर्नाटकात 1983 च्या सुमारास प्रेमा कारंत यांनी कन्नड भाषेत 'फणियम्मा' केला. लहानपणीच विधवा झालेल्या एका बाईची ती कथा, मूळ कादंबरीही एका लेखिकेचीच. त्यानंतर दोनच वर्षांनी इकडे 'बाई' आला. दोघींची भाषा वेगळी, पण बाईच्या आयुष्याकडं बाईनं बघायचं, हे दोघींनीही केलं.

1995 साली सुमित्राताईंचा पहिला मोठा चित्रपट आला, 'दोघी'. गौरी आणि कृष्णा या दोन बहिणी. गौरीच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होतो, नवरदेव जातो. लग्न लागायच्या आधीच ती गावाच्या तोंडी पांढऱ्या पायाची ठरते. बापाचं अंग लुळं पडतं, घरात खायला नाही, मग मामा तिला मुंबईला नेतो आणि ती देहविक्रीत जाते. तिनं पाठवलेल्या पैशावर घर तगतं. धाकटीचं लग्न ठरतं तेही त्याच पैशावर. पण ती स्वतः लग्नाला आली, तर तिला चार लोकांत बसवायचं की नाही, हा घरच्यांपुढं प्रश्न. पैसा चालतो, पोरगी चालत नाही. या चित्रपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आईचं काम उत्तरा बावकर यांनी केलं आहे. तिचा राग येतो आणि तिची कीवही येते, दोन्ही एकदम. आमच्यातल्या काहीजणींना ही आई चुकलेली वाटते, काहींना वाटतं तिच्या जागी आपणही तेच केलं असतं. या वादाचा निकाल आम्ही लावलेला नाही.

पुढं 'दहावी फ' आला, 2002 मध्ये. शाळेच्या शेवटच्या तुकडीतली पोरं. 'ढ' म्हणून ओवाळून टाकलेली. ती रागानं शाळेत मोडतोड करतात. एक मास्तर त्यांना काढून टाकण्याऐवजी झालेलं नुकसान स्वतः कमवून भरून द्यायला लावतो. ज्यांच्या घरी दहावीचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी बघावाच.

पण आमच्या मते सुमित्राताईंचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे. घरात जे दुखणं आपण दाराआड लपवतो, ते त्यांनी पडद्यावर आणलं. आपल्याकडं कुणी एकटंच बडबडू लागलं, रात्र रात्र झोपेना, कुणी आपल्याला मारायला टपलंय म्हणू लागलं, की पहिला शब्द निघतो, 'बाहेरचं आहे'. मग मांत्रिक, दोरे, कोंबडा. दवाखान्याची पाळी येते ती शेवटी, आणि तोवर पैसाही संपलेला असतो. 2004 च्या 'देवराई'त शेष नावाचा माणूस आहे. त्याला स्किझोफ्रेनिया नावाचा मनाचा आजार आहे. त्याला सांभाळते त्याची लग्न झालेली बहीण. एकीकडं नवरा आणि संसार, दुसरीकडं आजारी भाऊ. तिची ओढाताण पाहताना कितीतरी लेकीबाळी आठवतात. हा आजार औषधानं आणि घरच्यांच्या समजुतीनं आटोक्यात राहू शकतो, आणि तो कुणाच्या करणीनं होत नाही, हे चित्रपट भाषण न देता सांगतो. 'नितळ' अंगावरच्या कोडाबद्दल आहे. कोड लागट नाही, तरी त्यापायी किती मुलींची लग्नं अडतात ते आपण बघतोच.

'अस्तु' हा आम्हाला त्यातला सगळ्यात जवळचा. एक मोठे संस्कृत पंडित, डॉक्टर मोहन आगाशे यांनी ते काम केलंय, आणि त्यांना विसरण्याचा आजार झालाय. लेकीचं नावसुद्धा आठवत नाही. एक दिवस रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्या मागं चालू लागतात. लेक शहरभर शोधत फिरते. इकडं माहुताची बायको चन्नम्मा, कन्नड बोलणारी, रोजच्या भाकरीची भ्रांत असलेली, या परक्या म्हाताऱ्याला जेवू घालते, लेकरासारखं सांभाळते. तिची भाषा त्यांना कळत नाही, त्यांची तिला नाही. चन्नम्माचं काम करणाऱ्या अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्राताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आम्हाला यात पटलं ते हे, की लेकीला दोषी ठरवलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं करता करता बाई थकते, चिडते, मग स्वतःवरच रागावते. सासूचं हागणंमुतणं काढणाऱ्या सुनेला हे सांगावं लागत नाही, पण कुणी तिला विचारतही नाही. म्हातारपणी थोडं विसरणं वेगळं. घरचा रस्ता, जेवण झालं की नाही, स्वतःची मुलं, हेच विसरायला लागलं तर तो आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि सांभाळणारीला अधूनमधून सुटी द्यायला हवी.

त्यानंतरचा 'कासव' नैराश्याबद्दल आहे. जगण्याची इच्छा संपलेला एक तरुण आणि स्वतः तशा काळातून गेलेली जानकी. कोकणात समुद्रकाठी कासवांची अंडी राखण्याचं काम चालू असतं, तिथं ती त्याला आसरा देते. तो कोण, कुठला, असं खोदून विचारत नाही. जेवायला वाढते, राहू देते. या चित्रपटाला 2016 या वर्षासाठी देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळालं. त्याआधी 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' या चारच मराठी चित्रपटांना ते मिळालं होतं.

आपल्या विदर्भात नापिकीनं आणि कर्जानं खचलेली माणसं कमी नाहीत. घरातलं कुणी गप्प गप्प राहू लागलं, जेवण तुटलं, 'आता काय जगून' अशी भाषा आली, तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि एकटं सोडू नका. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

सगळेच चित्रपट दुखण्याचे नाहीत हो. 'एक कप च्या' बघताना हसूही येतं. कोकणातला एसटी कंडक्टर काशिनाथ सावंत, साधं घर, आणि त्याला वीज बिल येतं भलंमोठं, हजारो रुपयांचं. 'चहापाणी' दिल्याशिवाय कागद हलत नाही. मग त्याला माहितीच्या अधिकाराचा कायदा कळतो. 2005 चा हा कायदा आपल्यालाही तितकाच लागू आहे. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही माफ, आणि 30 दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका, सगळं तिथंच अडतं.

सुमित्राताईंनी कथा-पटकथा स्वतः लिहिल्या. पात्रांचे कपडे, घराची मांडणी यांतही त्यांचं लक्ष असे. म्हणून त्यांच्या चित्रपटातल्या घरात चहाची भांडी खरी वाटतात, बाईच्या अंगावरचं लुगडं धुऊन विटलेलं दिसतं. पैसा थोडा, कामं फार, तरीही त्या थांबल्या नाहीत.

19 एप्रिल 2021 ला पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांचा शेवटचा चित्रपट 'दिठी' त्यानंतर महिनाभरानं लोकांपुढं आला. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवर तो आहे. रामजी लोहार, वर्षानुवर्षं पंढरीची वारी करणारा. त्याचा तरणा मुलगा पाण्यात बुडून जातो आणि त्याचा विठ्ठलावरचा विश्वासच हलतो. बाहेर पाऊस कोसळतोय, आणि शेजारी एक गाय अडलेली. ती सोडवायची कला गावात एकट्या रामजीच्या हातात. तो उठतो की नाही, आणि पुढं काय होतं, ते इथं सांगत नाही. गोठ्यात रात्र काढलेल्या बायांना तो प्रसंग शहरातल्यांपेक्षा जास्त कळेल एवढं खरं.

गटानं मिळून बघायचं ठरवलंत तर मोबाईलवर चौघीचौघींनी माना घालून बघू नका. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत पडदा आणि प्रोजेक्टर असेल तर आधी विचारून ठेवा. सुरुवात 'दहावी फ'पासून करा, मुलांनाही बसवता येतं. 'एक कप च्या' ग्रामसंघाच्या बैठकीच्या दिवशी ठेवा, अर्ज कसा लिहायचा ते त्याच दिवशी शिकून होईल. 'दोघी'ला मात्र फक्त मोठ्या मुली आणि बाया असू द्या, आणि संपल्यावर लगेच उठून घरी जायची घाई करू नका. अर्धा तास हाताशी ठेवा, बोलायला लागेल.