वृद्धांच्या लशीची नोंद

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क तुटतो. त्या दिवसांत एखाद्या वृद्धास न्यूमोनिया झाला, तर मोठे रुग्णालय गाठणे दुरापास्त होते. हाच वृद्ध उन्हाळ्यात अन्य आजारासाठी गडचिरोली वा चंद्रपूरच्या रुग्णालयात दाखल झाला असेल, तर प्रतिबंधक लस देण्याची ती उत्तम संधी असते. परंतु पूर्वी कोणती लस घेतली हे त्यास आठवत नाही, कागद घरी राहिलेला असतो आणि संधी हुकते.

येथे नोंदीस महत्त्व आहे. विषाणू रूप पालटत असल्याने फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोकोकल लशीचे तसे नाही. आधी कोणत्या प्रकारची लस केव्हा घेतली, यावर पुढील मात्रा ठरते.

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांना कोविडची लस मिळू लागली. ‘कोविन’ प्रणालीत प्रत्येक मात्रा तारखेसह नोंदली गेली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकामुळे रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी अभियानाशी जोडलेल्या दुसऱ्या रुग्णालयात पाहता येतात. घरी सोडण्यापूर्वी संगणकाने ‘लस बाकी आहे’ अशी आठवण दिली, तर डॉक्टरांना वेळीच निर्णय घेता येईल. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींना दवाखान्यातील नोंदी पाहूनच फ्लूच्या लशीसाठी बोलावले जाते.

नोंदीचे मोल गडचिरोलीस नवे नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवली आणि प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरीच काळजी घेतली. तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे संशोधन प्रसिद्ध केले. बालके वाचली ती केवळ वहीमुळे नव्हे. नोंद ठेवणारी स्त्री बाळाच्या उशाशी पोहोचत होती, म्हणून.

संगणकाचेही तसेच आहे. पडद्यावरील सूचना वाचून कोणीतरी रुग्णाच्या खाटेपर्यंत गेले पाहिजे. कुटुंबीयांनीही घरातील वडीलधाऱ्यांच्या लशींची नावे व तारखा बँकेच्या पासबुकाप्रमाणे जपाव्यात आणि रुग्णालयातून निघताना डॉक्टरांना अवश्य विचारावे : “यांची कोणती लस राहिली आहे?”