निमोचं घर निवडताना

सकाळी ६

दिवसाचं पहिलं काम पाण्याचं. ठाण्याच्या माझ्या गाळ्यात रात्रभर आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षारमुक्त केलेलं, पाणी पिंपात भरत असतं. त्यात समुद्री मीठ टाकून पंप लावते आणि ते विरघळेपर्यंत काल बनवलेल्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर बघते. दर हजारी ३५ भाग हवेत, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. थोडं वरखाली झालं तर मासे निभावून नेतात. अ‍ॅनिमोनला, म्हणजे समुद्रपुष्पाला, ते जमत नाही. त्याच्या अंगावर ना खवले, ना कवच. बाहेरचं पाणी बिघडलं की तो आक्रसतो, आणि तसाच राहिला तर विरघळू लागतो. आज तीन ठिकाणच्या समुद्री मत्स्यटाक्यांचं पाणी बदलायचं आहे. त्यातल्या दोन टाक्यांत अ‍ॅनिमोन आहेत, म्हणून मोजणी दोनदा करते.

सकाळी ७.३०

विमानाने आलेली खोकी गाळ्यावर पोचली. मासे मदतनीस बघतो, अ‍ॅनिमोनची पिशवी मी स्वतःच उघडते. आज एकच आहे, मॅग्निफिका जातीचा, समुद्रातून काढलेला. तो पांढराशुभ्र आहे. असा अ‍ॅनिमोन बघून गिऱ्हाईक हरखून जातं, माझ्या मात्र पोटात कालवतं. अ‍ॅनिमोनच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. तपकिरी, हिरवट झाक असते ती या शैवालांची. ती निघून गेली की अ‍ॅनिमोन पांढरा पडतो आणि उपाशी राहतो. बाजारात कधी लिंबासारखा पिवळाधमक अ‍ॅनिमोन दिसतो, तोही बहुधा असाच पांढरा पडलेला आणि वर रंग चढवलेला असतो.

बाकी तपासणी नेहमीची. तोंड घट्ट मिटलेलं आहे का? या अ‍ॅनिमोनचं जरा उघडं आहे. तळवा, म्हणजे खडकाला धरून राहायचा भाग, फाटलेला नाही ना? नाही, शाबूत आहे. शुंडकं बोटाला चिकटतात का? जेमतेम. घाईघाईने खडकावरून उपटताना तळवा फाटला असता तर वाचायची आशा फारच कमी होती. हा वाचू शकेल. वेगळ्या टाकीत, मंद उजेडात ठेवून तो हळूहळू वाढवायचा, दोन-चार दिवसांआड कोळंबीचा बारीक तुकडा द्यायचा. रंग परत यायला महिने लागतात. तोवर हा विकायचा नाही, हे मदतनिसाला बजावून निघते.

सकाळी १०

मुलुंड. तीन फुटी टाकी, भरून जेमतेम तीन महिने झालेत. आत ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, म्हणजे २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’नंतर साऱ्या जगाने निमो म्हणून ओळखलेला मासा. घरातले काका सेवानिवृत्त आहेत, टाकीची निगा मनापासून ठेवतात. पाणी बदलून होईपर्यंत ते थांबले, मग म्हणाले, “ताई, यांना घर नाही हो. नात रोज विचारते. एखादा अ‍ॅनिमोन आणा की.”

आजचा सर्वांत जास्त वेळ इथेच गेला आणि तो जायलाच हवा होता.

क्लाउनफिशच्या सुमारे तीस जाती आहेत. त्यांना आसरा देणाऱ्या अ‍ॅनिमोनच्या जाती मात्र शास्त्रज्ञ परंपरेने दहाच मोजत आले आहेत. कुठलाही मासा कुठल्याही अ‍ॅनिमोनमध्ये राहत नाही. क्लार्की जातीचा क्लाउनफिश दहाही जातींत सापडतो, तर मरून क्लाउन निसर्गात फक्त बबल टिप या अ‍ॅनिमोनमध्ये. काकांच्या ऑसेलॅरिसची समुद्रातली घरं तीन: मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी.

“मग त्यातलाच एखादा आणा,” काका म्हणाले.

मी मोजपट्टी काढून टाकीला लावली. मॅग्निफिका अर्ध्या मीटरपर्यंत सहज पसरतो, कधी मीटरभरही. मर्टेन्सी तर मीटरहून मोठा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यांना प्रखर उजेड लागतो, पाण्याचा जोर लागतो, आणि यातले बहुतेक समुद्रातून काढूनच येतात. जायगँटिया प्रवासात इतका खचतो की अनुभवी माणसाकडेही टिकेल याची खात्री नसते. निसर्गाच्या यादीत नाव आहे, पण या टाकीत त्यांना जागा नाही.

बाजारात वाळूत राहणारा हॅडोनी हा कार्पेट अ‍ॅनिमोनही मिळतो, रंगाने देखणा. क्लाउनफिश सोडून टाकीतला दुसरा मासा त्याला नुसता घासून गेला तरी तो धरून खातो. काकांच्या टाकीत दोन गोबी आहेत, म्हणजे तो प्रश्नच मिटला. स्वस्तात मिळणारा कॉन्डिलॅक्टिस हा कॅरिबियन समुद्रातला. अटलांटिक महासागरात क्लाउनफिश मुळीच नाहीत, त्यामुळे त्या दोघांची समुद्रात कधी गाठच पडलेली नाही.

राहिला बबल टिप. ऑसेलॅरिसच्या नैसर्गिक यादीत तो नाही, तरी टाकीत वाढलेले ऑसेलॅरिस बरेचदा त्याच्यात राहायला जातात. कधी पहिल्या तासात, कधी काही महिन्यांनी, कधी जातच नाहीत. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलंच पाहिजे.

काकांना म्हटलं, “तुमच्या माशांना अ‍ॅनिमोनची गरज नाही. ते हॅचरीत जन्मले, अ‍ॅनिमोन न बघता मोठे झाले. समुद्रात त्यांना शत्रूंपासून आसरा लागतो, इथे त्यांना खाणारं कोणी नाही. अ‍ॅनिमोनला मात्र तुमची गरज पडेल, रोज.”

काका जरा हिरमुसले. मग त्यांनी वही काढली आणि नायट्रेट किती ठेवायचं ते विचारलं. माणूस असा वही काढतो तेव्हा त्याच्याकडचा अ‍ॅनिमोन जगेल असं मला वाटतं.

दुपारी १.३०

गाडीतच पोळी-भाजी. दादरला पोचायला वेळ लागणार.

दुपारी ३

दातांच्या दवाखान्यातली पाच फुटी टाकी. इथला बबल टिप गेल्या आठवड्यात दुभंगला. ही जात स्वतःला उभी चिरून दोन होते आणि दोन्ही भाग पूर्ण प्राणी म्हणून वाढतात. एक भाग जुन्या जागी आहे, दुसरा सरकत सरकत पंपाच्या जाळीपर्यंत आलाय. अ‍ॅनिमोन चालतो, हे लोकांना खरंच वाटत नाही. जागा, उजेड किंवा प्रवाह पसंत पडला नाही की तो निघतो आणि उघड्या पंपात गेला तर त्याचे तुकडे होतात. मग ते तुकडे कुजतात आणि सगळ्या टाकीवर संकट येतं. म्हणून अ‍ॅनिमोन आणायच्या आधी प्रत्येक पंपाला जाळी. चिलरही तपासला: २६ अंश. मुंबईच्या मे महिन्यात तो बंद पडला तर टाकीचं पाणी ३० च्या वर जातं आणि इतक्या उष्ण पाण्यात आधी शैवालं साथ सोडतात.

इथल्या क्लाउनफिशच्या जोडीतली मोठी ती मादी. ती गेली तर नर मादी होतो. अ‍ॅनिमोनची शुंडकं दोघं अंगाखांद्यावर घेतात, खाण्याचे तुकडे आणून त्याच्या तोंडाशी टाकतात. त्यांच्या उत्सर्गातला अमोनिया त्या शैवालांना खत होतो. माशांचं येणंजाणं त्याच्या शुंडकांत पाणी खेळतं ठेवतं. या देवाणघेवाणीत दोघांचं भलं आहे, आणि ते रोज डोळ्यांसमोर बघायला मिळतं म्हणूनच मला हे काम आवडतं.

जखम भरेपर्यंत सरकलेला भाग हलवायचा नाही. काही आठवड्यांनी तो गाळ्यावर नेईन.

सायंकाळी ६

परतीच्या वाटेवर नव्या गिऱ्हाइकाचा फोन. त्यांना जिवंत प्रवाळही हवेत. नाही म्हटलं. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, माझ्या टाक्यांत सिरॅमिकचे खडक असतात. मासे मात्र हॅचरीतलेच घ्या, असं त्यांना सांगितलं. ऐरोलीत राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने मँग्रोव्ह फाउंडेशनच्या साथीने क्लाउनफिशची पैदास केली आहे. जे इथे तयार होऊ शकतं ते समुद्रातून ओरबाडायचं कशाला?

रात्री ९

पांढऱ्या मॅग्निफिकाने तळवा खडकाला धरलाय. तोंड थोडं मिटलंय. दिवा आणखी मंद केला.

काकांना लिहून पाठवायचं होतं ते लिहिलं. एडिंबरोचे निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेला एक अ‍ॅनिमोन बरणीत वाढला. डॅलियेल १८५१ मध्ये वारले, पुढे इतरांनी त्याला सांभाळलं आणि तो १८८७ पर्यंत जगला. तो थंड समुद्रातला, वेगळ्या जातीचा. पण निगा राखली तर अ‍ॅनिमोन किती जगू शकतो, हे त्यावरून कळतं. खाली काकांसाठी माझा सल्ला: टाकीला वर्ष पूर्ण होऊ द्या. क्षारता, तापमान, नायट्रेट दर आठवड्याला वहीत लिहा. आकडे स्थिर राहिले, दिवा बदलला, पंपांना जाळ्या बसल्या, की टाकीतच दुभंगून वाढलेला बबल टिप घ्या, आणि मासे त्याच्यात गेले नाहीत तरी त्याला सांभाळायची तयारी असेल तरच घ्या.