गंजी जळीत आणि आरोपीचा बचाव

लातूर-नांदेड भागात काढणीनंतर रचलेली सोयाबीनची गंजी जळाली की संशय बहुधा बांधाच्या वादाकडे वळतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 नुसार आगीने शेतमालाचे नुकसान केल्यास 7 वर्षांपर्यंत, तर राहते घर, गोदाम किंवा प्रार्थनास्थळ जाळल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. 1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना जुनी 435 व 436 ही कलमे लागतात.

आग मुद्दाम लावली गेली आणि ती याच आरोपीने लावली, या दोन्ही गोष्टी सरकार पक्षाने सिद्ध करायच्या असतात. गंजी शॉर्टसर्किटनेही पेटते. म्हणून बचावाचा वकील आधी पंचनामा, वीजतारांची स्थिती आणि फिर्याद किती उशिरा दिली हे पाहतो. राखेचा नमुना हवाबंद सील झाला का, तो प्रयोगशाळेपर्यंत कुणाकुणाच्या हातून गेला, हेही उलटतपासणीत विचारले जाते. अंधारात आरोपीला ओळखले कसे, हा प्रश्न तर अनेकदा निर्णायक ठरतो. जुने वैर मात्र दुधारी: त्यातून हेतू दिसतो, तसाच खोटे गोवण्याचा संभवही.

घर जाळल्याच्या गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. कोठडीतील आरोपीला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवर अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात चालते.