चांगला पाइप महाग का?
वर्षानुवर्षं स्वस्त पाइप वापरलेला शौकीन ब्रायरचा उत्तम पाइप घेतो, तेव्हा तो किंमत मोजतो एका गाठीची. भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुडाशी, मातीत, ही गाठ अनेक दशकं सावकाश वाढते. वणव्यात झुडूप जळालं तरी तिच्यातून नवे कोंब फुटतात, हे मला फार विलक्षण वाटतं! घट्ट, सिलिकायुक्त असल्याने गाठीचं हे लाकूड, म्हणजेच ब्रायर, जळत्या तंबाखूची धग सोसतं. (धूर मात्र कुठल्याही पाइपचा घातकच.) गाठीचे ठोकळे तासन्‌तास उकळून कडवट रस काढतात, मग महिनोन्‌महिने सुकवतात, घाई केली की ते तडकतात. फ्रान्समधल्या सें-क्लोद गावात १८५०च्या दशकापासून ब्रायरचे पाइप घडवण्याचं काम चालतं. निर्दोष ठोकळा विरळाच, म्हणून महाग. स्वस्त पाइपांत खळगे लांबी भरून बुजवतात आणि वर गडद रंग चढवतात.