द्वारकेच्या कोंडीत ॲव्हरेज कुठे जातं?

‘स्पोर्ट्स कार म्हणजे पेट्रोल पिणारच,’ असं म्हणून मालक आणि मेकॅनिक दोघंही मोकळे होतात. पण वीस वर्षं जुन्या गाडीचं ॲव्हरेज अचानक उतरलं, तर ते तिच्या जातीमुळे नव्हे, दुखण्यामुळे. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे रस्ते जिथे भेटतात, त्या द्वारका चौकाच्या कोंडीत इंजिन चालू असतं आणि किलोमीटर शून्य. तो आकडा गाडीच्या माथी मारू नये. टाकी फुल्ल करून मालेगावपर्यंत एकसारख्या वेगाने जावं, पुन्हा फुल्ल करावी आणि मग हिशेब मांडावा.

तिथेही आकडा कमीच आला, तर स्पार्क प्लग काढून बघावा. टोकावर कोरडी काळी काजळी दिसली, तर पेट्रोल बहुधा जास्त जातंय. थर्मोस्टॅट उघडाच अडकला की इंजिन पुरेसं तापत नाही आणि इंजेक्शनची यंत्रणा जादा पेट्रोल सोडत राहते; थकलेला ऑक्सिजन सेन्सरही असाच फसवतो. सगळा दोष २० टक्के इथेनॉलचा, असं कुणी म्हणेल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून मिश्रणातली घट सहा-सात टक्क्यांच्या आसपास. बाराचं ॲव्हरेज त्याने अकरावर येईल, आठवर नाही. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या खराब होऊ शकतात, त्या बदलाव्यातच. उरलेलं दुखणं बहुतेकदा दुरुस्त होतं. ते न शोधता चांगली गाडी भंगारात काढणं हा तिच्यावर अन्याय आहे.