शोकाचं वेळापत्रक
(‘मनाची दुखणी’ लेखमाला : लेखांक ६)

शोक आणि नैराश्य यांतला फरक गेल्या आठवड्यात पाहिला. जवळचं माणूस गेलं की चौथ्या-पाचव्या महिन्यात कुणीतरी हमखास विचारतं, ‘अजून सावरली नाही का गं ती?’ आजचा लेखांक या प्रश्नाबद्दल.

सावरण्याला ठरलेली मुदत असते, या समजुतीला पाच टप्प्यांच्या प्रसिद्ध सिद्धांतानं बरंच बळ दिलं. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस शिकागोच्या रुग्णालयात असाध्य आजाराच्या रुग्णांशी बोलल्या आणि १९६९ मध्ये त्यांनी ‘ऑन डेथ अँड डाइंग’ हे पुस्तक लिहिलं. नकार, राग, देवाशी सौदा, खिन्नता आणि स्वीकार हे टप्पे त्यात आले. म्हणजे ते मुळात मरण समोर दिसणाऱ्यांचे. मागे राहिलेल्यांना ते नंतर लागू केले गेले. डेव्हिड केसलर यांच्यासह लिहिलेलं त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, २००५ मध्ये आलं. हे टप्पे सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत, ठरल्या क्रमानंही येत नाहीत, असा खुलासा त्यात आहे. तोवर पाच टप्पे सर्वतोमुखी झाले होते.

मला जास्त पटते ती मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक स्खुत यांनी १९९९ मध्ये केलेली मांडणी. त्यांच्या मते शोक करणारं माणूस दोन कामांमध्ये सतत ये-जा करत असतं. एक काम गेलेल्याची आठवण काढण्याचं, दुसरं बदललेलं जगणं हाती घेण्याचं. नवरा गेलेली बाई सकाळी मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती घेऊन बँकेत जाते, तिथून तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी. सगळं धडाडीनं करते. दुपारी कपाटातला त्याचा मोबाइल वाजतो, सिलिंडरचा ओटीपी त्यावर आलेला असतो, आणि ती मटकन खाली बसते. रात्री मालिका बघताना तिला खळखळून हसू येतं, मग हसल्याचीच लाज वाटते. हिला हे काय होतंय, असं बघणाऱ्याला वाटेल. श्ट्रोब आणि स्खुत म्हणतील, हीच ये-जा सावरण्याची रीत आहे. मधूनमधून दोन्हींपासून सुट्टी घेणं हाही तिचाच भाग. बाजूच्यांचं मात्र अवघड असतं: रडली तर ‘मुलांकडे बघ’, हसली तर ‘एवढ्यात?’

आपल्याकडे दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, दरवर्षीचा पितृपंधरवडा आहे. दुःख पुन्हा पुन्हा येणार, हे त्यात धरलेलंच आहे. पण याच परंपरेनं बाईच्या बांगड्याही फोडल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा कुठे शासनानं परिपत्रक काढलं. आतला गोंधळ कमी होता म्हणून की काय, आपण त्यात बाहेरून भर घालत आलो.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘दीर्घ शोक विकार’ आहे. गेलेल्याची ओढ किंवा त्याचाच ध्यास, सोबत तीव्र वेदना, हे सगळं किमान ६ महिने टिकून रोजची कामं खोळंबत असतील, समाजाच्या रीतीपेक्षाही ते फार लांबलं असेल, तर तपासणी करून घ्यावी. अमेरिकी निकषांत प्रौढांसाठी ही मुदत १२ महिन्यांची आहे. जगणंच नको असे विचार येत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

(पुढील आठवड्यात : मुलांचा शोक)